चॅपेल, मेस आणि परै : लूथरन महाविद्यालयातील विद्यार्थ्यांचे धर्मजीवन

धर्मांतराने तुम्हाला काय मिळाले, असे विचारणाऱ्यांना बहुधा उत्तर ऐकायचे नसते. म्हणून हा प्रश्न आपणच आपल्याला विचारला पाहिजे. आपल्याच वस्तीतून उठून जो दुसऱ्या वाटेने गेला, त्यालाही तो विचारला पाहिजे. माझे आजोळ ख्रिस्ती झाले आणि आम्ही १९५६ नंतर बौद्ध झालो. एकाच महारवाड्यातून या दोन वाटा फुटल्या. माझा मामेभाऊ पाळक होण्यासाठी दक्षिणेतल्या एका लूथरन धर्मविद्यालयात शिकायला गेला. १९८८ च्या डिसेंबरात मी त्याच्या वसतिगृहात आठ दिवस राहिलो. तिथे जे पाहिले त्याचा अर्थ लागायला मला पुढची कितीतरी वर्षे लागली. तो अर्थ इथे मांडायचा आहे.

प्रथम लूथरन म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. आपल्याकडे मिशनरी म्हटले की सगळे एकच समजले जातात. १५१७ साली मार्टिन लूथर या जर्मन धर्मगुरूने पोपच्या सत्तेविरुद्ध पंच्याण्णव विधाने मांडली आणि युरोपातली ख्रिस्ती मंडळी दुभंगली. माणूस कर्मकांडाने नव्हे, तर केवळ विश्वासाने आणि ईश्वराच्या कृपेने नीतिमान ठरतो, हे त्याच्या शिकवणुकीचे सार. त्यातूनच दुसरा विचार निघाला. प्रत्येक विश्वासणारा हा याजक आहे, देव आणि माणूस यांच्यामध्ये पुरोहिताची भिंत नको. ब्राह्मण्याचा काच ज्याने सोसला आहे त्याला हे वाक्य ऐकताच आपले वाटेल. पण १५२५ मध्ये जर्मनीतले शेतकरी जमीनदारांविरुद्ध उठले, तेव्हा हाच लूथर त्यांच्याविरुद्ध राजेरजवाड्यांच्या बाजूने उभा राहिला, हेही विसरता येत नाही. आत्म्याचे राज्य वेगळे आणि जगाचे राज्य वेगळे, अशी त्याची मांडणी होती. या फटीतूनच पुढे हिंदुस्थानात जात आत शिरली.

१७०६ साली त्सीगेनबाल्ग आणि प्ल्यूट्शाऊ हे दोन लूथरन मिशनरी तरंगमबाडीला उतरले. हिंदुस्थानातल्या प्रोटेस्टंट मिशनची सुरुवात ती. तिथल्या मंडळीत शूद्र ख्रिस्ती आणि परैयर ख्रिस्ती वेगवेगळे बसत. १७३३ मध्ये आरोन या वेल्लाळ जातीच्या माणसाला पाळकपदाची दीक्षा मिळाली. राजनायकन हा परैयर प्रचारक तितकाच कर्ता होता. पण त्याच्या हातून वेल्लाळ प्रभुभोजन घेणार नाहीत, या भीतीने १७४१ मध्ये त्याला डावलले गेले आणि दीक्षा दुसऱ्याला मिळाली. म्हणजे तत्त्व सांगत होते की प्रत्येकजण याजक, आणि व्यवहार सांगत होता की तुझ्या हातची भाकर चालणार नाही. १८५० मध्ये मद्रासच्या मिशनरी परिषदेने जात सोडल्याखेरीज मंडळीत प्रवेश नाही असा ठराव केला आणि सर्वांबरोबर जेवणे ही त्याची कसोटी ठरवली. तेव्हा लाइपझिग मिशनचे लूथरन त्यापासून दूर राहिले. जात ही सामाजिक बाब आहे, ती धर्माची नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. हे शब्द आपल्याला नवे नाहीत. अस्पृश्यता हा धर्माचा भाग नाही, असे सनातन्यांचे वकीलही सांगतच आले आहेत.

हा इतिहास पाठीशी असलेल्या एका विद्यालयात मी गेलो होतो. तिथला दिनक्रम असा. सकाळी चॅपेलची घंटा होई. पंधरा-वीस मिनिटांची उपासना असे. एक गीत, एक वाचन, एक छोटे प्रवचन आणि प्रार्थना. प्रवचनाची पाळी विद्यार्थ्यांवर येई आणि त्याचे मूल्यमापन अध्यापक करीत. रात्री वसतिगृहात भाषावार प्रार्थनागट बसत. तमिळ, तेलुगू आणि ओडिया मुलांचे निरनिराळे गट होते आणि रांचीकडच्या आदिवासी मुलांचा हिंदीतला गट होता. रविवारी मुले आसपासच्या मंडळ्यांत कामाला जात. ३१ ऑक्टोबरचा धर्मसुधारणा दिन मोठ्या थाटात होई, असे दादाने सांगितले. मी गेलो तो नाताळचा काळ होता. संध्याकाळी मुले गाणी गात घरोघर फिरत.

बाहेरून पाहणाऱ्याला एवढेच धर्मजीवन दिसते. पण चॅपेलमध्ये मला धर्म फारसा दिसला नाही. तिथे शिस्त दिसली, सुरेल आवाज दिसले आणि जर्मन चाली दिसल्या. धर्म दिसला तो मेसमध्ये. पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, रविवारच्या कामाहून परतलेला मुलगा गप्प का आहे, याची चर्चा तिथे होई. एका मुलाने सांगितले की ज्या ख्रिस्ती घरी तो प्रार्थनेला गेला होता तिथे त्याला चहा दिला, पण पेला निराळा होता. त्या घराच्या भिंतीवर येशूचे चित्र होते. तो मुलगा म्हणाला, "चित्राकडे पाहत चहा प्यायलो." कोणी हसले नाही.

मग मी दादाला विचारले, "या गोष्टी तुम्ही चॅपेलमध्ये का बोलत नाही?"

तो म्हणाला, "चॅपेलमध्ये मार्क मिळतात रे. बोलायला आमचं मंडळ आहे."

हे मंडळ म्हणजे काय, ते समजून घेणे महत्त्वाचे आहे. ख्रिस्ती महाविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या संघटनांची जुनी परंपरा आहे. १८९५ मध्ये स्वीडन या लूथरन देशातच जागतिक विद्यार्थी ख्रिस्ती महासंघ स्थापन झाला. १९१२ मध्ये हिंदुस्थानात विद्यार्थी ख्रिस्ती चळवळ सुरू झाली. या संघटनांत बायबलचे अभ्यासवर्ग, शिबिरे आणि व्याख्याने चालत. त्याशिवाय प्रत्येक धर्मविद्यालयात मुलांची निवडून दिलेली समिती असते आणि निबंध वाचण्यासाठी, वाद घालण्यासाठी एखादे मंडळ असते. व्यवस्थापनाच्या दृष्टीने या फावल्या वेळातल्या गोष्टी. पण जे वर्गात विचारता येत नाही ते मंडळात विचारता येते, हे या संस्थांचे खरे मोल आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा लूथरन विद्यालयातला नाही, तर बंगलोरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजातला आहे. तिथे कॅरी सोसायटी नावाचे मंडळ होते. एप्रिल १९८१ मध्ये त्या मंडळाच्या समारोपाच्या भाषणात अरविंद निर्मल या प्राध्यापकांनी 'शूद्र ईश्वरशास्त्रा'ची कल्पना मांडली. निर्मल हे आपल्या महाराष्ट्रातले. ते म्हणत होते की भारतातले ख्रिस्ती बहुसंख्येने दलित आहेत, पण भारतीय ख्रिस्ती ईश्वरशास्त्र मात्र वेदान्ताशी संवाद करण्यात गुंतले आहे. लॅटिन अमेरिकेहून आलेले मुक्तीचे ईश्वरशास्त्र वर्गाविषयी बोलते, परंतु जातीपाशी येऊन थांबते. पुढे शूद्र हा शब्द मागे पडला आणि दलित हा शब्द आला. तो शब्द कोणत्या मातीतून आला, हे या वाचकांना सांगायला नको. ज्या शब्दाने पँथरने १९७२ मध्ये मुंबई हलवली, तो शब्द दहा-पंधरा वर्षांत धर्मविद्यालयाच्या अभ्यासक्रमात जाऊन बसला.

आणि तो बसला तो मद्रासमध्ये, किलपॉकच्या गुरुकुल लूथरन धर्मविद्यालयात. ज्या परंपरेने राजनायकनला डावलले, त्याच परंपरेच्या घरात १९८० च्या दशकाच्या अखेरीस दलित ईश्वरशास्त्राचा विभाग उभा राहिला आणि निर्मल त्याचे प्रमुख झाले. दलित ईश्वरशास्त्राचे पहिले महत्त्वाचे लेखसंग्रह १९९० च्या सुमारास तिथूनच निघाले. १९९५ मध्ये निर्मल गेले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी. इस्राएली लोक देवापुढे उभे राहून आपल्या भटक्या पूर्वजांचा इतिहास सांगत. तसाच दलिताने आपला इतिहास देवापुढे सांगितला पाहिजे. गळ्यातले मडके आणि पाऊलखुणा पुसण्यासाठी कमरेला बांधलेली फांदी, हीच त्याची श्रद्धाकथा. दलिताचा देव हा सेवा करणारा देव आहे आणि येशू हा स्वतःच दलित आहे.

इथे माझा एक आक्षेप आहे आणि तो मी दादाजवळही बोललो होतो. सेवा हा शब्द आमच्या अंगावर काटा आणतो. बाबासाहेबांनी महाडला मेलेली ढोरे ओढणे बंद करा असे सांगितले. माझ्या वडिलांनी येसकराची काठी टाकली, त्या दिवशी घरात भाकरी नव्हती. जी सेवा टाकण्यासाठी आम्ही उपाशी राहिलो, ती देवाच्या अंगावर घालून पुन्हा पूज्य का करायची?

हाच वाद त्या आठ दिवसांत दुसऱ्या रूपाने माझ्यासमोर आला. परै हे आपल्या हलगीच्या जातीचे चामड्याचे वाद्य आहे. ते वाजवणारे म्हणून परैयर हे नाव पडले असे म्हणतात, आणि त्या नावावरूनच इंग्रजांनी बहिष्कृत माणसाला शब्द बनवला. प्रेतयात्रेपुढे परै वाजवणे हे गावाने लादलेले काम होते. मंडळातल्या काही मुलांनी नाताळच्या उपासनेत चॅपेलमध्ये परै वाजवायची असे ठरवले. मदुराईच्या तमिळनाडू धर्मविद्यालयात थिओफिलस अप्पावू हे शिक्षक लोकगीतांच्या चालींवर आणि परैच्या तालावर उपासना बसवीत होते. ते विद्यालय लूथरन आणि दक्षिण भारतीय मंडळ्या मिळून चालवतात. तिथले वारे इथवर पोहोचले होते.

विरोध झाला. अध्यापकांपैकी काहींना ते अपवित्र वाटले, ते अपेक्षितच होते. पण खरा विरोध आला तो मुलांच्या बापांकडून. एका मुलाचा म्हातारा बाप मुद्दाम गावाहून आला. तो मुलाला म्हणाला, "हे गळ्यातून उतरवायला मी बाप्तिस्मा घेतला. तू ते देवळात नेऊन पुन्हा गळ्यात घालतोस?"

मी मनातून त्या म्हाताऱ्याच्या बाजूचा होतो. त्याच्यात मला माझे वडील दिसले. रात्री दादाशी जोराचे भांडण झाले. मी म्हणालो, "दादा, आम्ही काठी टाकली. तुम्ही ती सोन्याने मढवता आहात."

दादा बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "तुझ्या बापानं काठी टाकली, ती कोणाच्या हुकमानं? स्वतःच्या. ही मुलं परै उचलतायत, तीही कोणाच्या हुकमानं नाही. बापाला टाकायचा हक्क आहे, तर पोराला उचलायचा नाही का?"

नाताळच्या सकाळी परै वाजली. निखाऱ्यांवर चामडे तापवून मुले आत आली. त्या जर्मन चालींच्या चॅपेलमध्ये पहिला ठोका पडला तेव्हा काचा थरथरल्या. तो म्हातारा बाहेर पायरीवर बसून राहिला. तो आत आला नाही, पण निघूनही गेला नाही. मी आत सर्वांत मागे उभा होतो. प्रभुभोजनाचा एकच पेला सर्वांच्या ओठाला लागत गेला. तो माझा विधी नव्हता, मी घेतला नाही. पण निराळ्या पेल्यात चहा प्यायलेला मुलगा आज तो पेला धरून उभा होता आणि अध्यापक त्याच्या हातून पीत होते. राजनायकनचा हिशेब अडीचशे वर्षांनी एका सकाळपुरता तरी चुकता झाला.

एका सकाळपुरता असे मी मुद्दाम म्हणतो. कारण विद्यालयाच्या फाटकाबाहेर तीच समाजव्यवस्था उभी होती. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये आपल्याला, बौद्धांना, त्यात घेतले. ख्रिस्ती दलित बाहेरच राहिला. त्याच मद्रास शहरात रस्त्याकडेला चपला शिवणाऱ्या सुसई या ख्रिस्ती माणसाने चांभारांसाठीच्या सरकारी टपरीवर हक्क सांगितला. ख्रिस्ती समाजात त्याची हलाखी तितकीच तीव्र असल्याचा पुरेसा पुरावा नाही, असे म्हणून १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याची मागणी फेटाळली. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढा असे सुचवले आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने याच प्रश्नावर आणखी एक आयोग नेमला. बाबासाहेबांनी १९३८ मध्ये सोलापुरात ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना हा धोका सांगितला होता. महारांची मुले ख्रिस्ती झाली की त्यांची शिष्यवृत्ती जाते आणि दक्षिणेत चर्चमध्ये जात तशीच राहते, या दोन्ही गोष्टी त्यांनी तेव्हाच दाखवल्या होत्या. १९९० नंतर माझ्या मुलांना केंद्राच्या सवलती मिळाल्या आणि दादाच्या मुलांना मिळाल्या नाहीत. आजोबा एक, वाडा एक, आणि कागद दोन. हा माझ्या घरातला अन्याय आहे, आणि 'ते तर ख्रिस्ती' असे म्हणून मी तो झटकून टाकू शकत नाही.

मग धर्मांतराने काय मिळाले? दादाला समता आयती मिळाली नाही. पण समतेचे वचन मिळाले, आणि ते वचन देणाऱ्याच्याच दारात उभे राहून वसूल करण्याची जागा मिळाली. ती जागा चॅपेलची नव्हती. ती मेसची होती, मंडळाची होती, जिथे मुले स्वतः विषय ठरवीत होती. दलित ईश्वरशास्त्राचा पहिला उद्गार विद्यार्थ्यांच्या मंडळासमोर निघाला, हा योगायोग नव्हे. जिथे हजेरी मोजतात तिथे धर्म शिकवला जातो, आणि जिथे प्रश्न विचारता येतो तिथे तो घडतो.

हे आपल्यालाही लागू आहे. आपल्या विहारांत आणि वसतिगृहांत वंदना होते. मुले ओळीने बसतात, पाठ म्हणतात, उठतात. त्यानंतर बसून बोलायला जागा आहे का? मुलगा म्हणाला की माझा बाप बौद्ध असून सोयरीक करताना पोटजात पाहतो, तर त्याला कोणी ऐकून घेते का? बाबासाहेबांनी औरंगाबादच्या महाविद्यालयाला १९५० मध्ये सुरुवात केली आणि पुढे त्याला मिलिंदाचे नाव दिले. नागसेन उत्तरे देणारा भिक्खू होता, मिलिंद प्रश्न विचारणारा राजा होता. महाविद्यालयाला नाव मिळाले ते प्रश्न विचारणाऱ्याचे.

दादा आता निवृत्त पाळक आहे. परैविषयीचे आमचे भांडण मिटलेले नाही. मी अजूनही त्या पायरीवरच्या म्हाताऱ्याच्या शेजारी आहे. पण तो उठून का गेला नाही, हे आता मला थोडे कळते.