'माझी मैना' म्हणजे नुसतं बायकोचं गाणं नाही! अण्णाभाऊंच्या छक्कडीतली मैना नेमकी कोण?

घाटकोपर (मुंबई उपनगर) : १ ऑगस्टला अण्णाभाऊ साठे जयंतीच्या मिरवणुकीत 'माझी मैना' हमखास वाजतं. वरातीतही लागतं. पण स्पीकरवर बऱ्याचदा सुरुवातीची कडवीच वाजतात आणि मग पुढचं गाणं सुरू होतं. त्यामुळं मुंबईत कामाला गेलेल्या गड्याला गावाकडच्या बायकोची आठवण येते, एवढाच अर्थ नव्या पोरांना ठाऊक आहे. तो अर्थ चुकीचा नाही, पण अर्धा आहे.

वाटेगाव (ता. वाळवा, जि. सांगली) इथं १९२० साली जन्मलेले अण्णाभाऊ लहान वयातच घरच्यांबरोबर पायी चालत मुंबईला आले. गिरणीत राबले, पडेल ते काम केलं. पुढं बरीच वर्षं त्यांचा मुक्काम घाटकोपरच्या चिरागनगर झोपडपट्टीत होता. 'फकिरा' लिहिणारा माणूस तिथंच राहायचा. गाव सोडून आलेल्या माणसाचं दुःख त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

छक्कड हा लावणीचाच एक प्रकार, तमाशातला. सुरुवातीला गडी आपल्या मैनेच्या रूपाचं आणि गुणाचं वर्णन करतो. मग निघायची वेळ येते. घरात दारिद्र्य, म्हणून मुंबई गाठायची. ती रडते, हा दागिन्यांची कबुली देऊन तिची समजूत काढतो. धृपदात 'काहिली' हा शब्द येतो. काहिली म्हणजे जिवाची लाही लाही, आतून होणारी तगमग. गुऱ्हाळावर उकळत्या काहिलीजवळ उभं राहिलेल्याला हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

इथून पुढं गाणं वळण घेतं. गडी मुंबईत पोचतो तर तिथं एकीकडं श्रीमंतांचा थाट, दुसरीकडं बेकारी आणि काळाबाजार. तेवढ्यात संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटतो आणि हा गडी त्यात उतरतो. शेवटी तो म्हणतो की माझ्या मैनेची जी गत, तीच महाराष्ट्राची. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव दुसऱ्यांच्या ताब्यात राहिले. म्हणजे ताटातूट नवरा-बायकोची, तशीच मराठी मुलखाची. गावाकडं राहिलेली मैना म्हणजे तोडलेला मुलूखही आहे. बेळगाव-कारवार १९५६ ला म्हैसूर राज्यात गेलं, डांग आणि उंबरगाव १९६० ला गुजरातेत. शेवटचं कडवं कापलं की हे सगळंच गळून जातं.

मग सरळ पोवाडाच का नाही लिहिला? कारण मैदानात बसलेला कामगार स्वतःच बायको गावी ठेवून आलेला असायचा. आधी त्याच्या घरातलं दुखणं गायचं, मग राज्याचं. भाषणानं जे झालं नसतं ते या छक्कडीनं केलं. अण्णाभाऊ, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक काढलं, तेव्हापासून तमाशाचा साचा ते असाच वापरत होते. त्यांच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवछत्रपतींना वंदन असायचं.

आता आवाजाचं. शाहिरीत मुख्य गायक सूर वर चढवून ओळ टाकतो आणि मागचे झीलकरी ती उचलून 'जी जी' करत लांबवतात. सोबतीला डफ, तुणतुणं. माइक नसला तरी शेवटच्या माणसापर्यंत शब्द गेला पाहिजे, म्हणून हा आवाज गोड नसतो, खडा असतो. मैनेच्या वर्णनात एकामागून एक उपमा येतात, त्या दमसास राखून भराभर म्हणायच्या आणि धृपदावर येऊन थांबायचं. हे थांबणं महत्त्वाचं. शब्द धावतात, काहिली तेवढी रेंगाळते. तीच चाल, तेच धृपद पुढं बेळगावच्या कडव्यानंतरही येतं आणि ऐकणाऱ्याला कळतं की आता रडणं नुसतं बायकोसाठी नाही. डीजेच्या ठेक्यात नेमका हा थांबाच उडतो, तिथं दुसरा बीट घुसवलेला असतो.

अमर शेख यांचा पहाडी आवाज जुनी माणसं अजून सांगतात. आजच्या पिढीनं मोबाईलवर शाहीर विठ्ठल उमप यांनी गायलेली 'माझी मैना' ऐकावी, आणि जमलं तर पूर्ण छक्कड समोर ठेवून ऐकावी. सीमाभागाबाबत महाराष्ट्रानं २००४ साली सुप्रीम कोर्टात दावा दाखल केला आहे. छक्कडीतली डांग, उंबरगाव ही नावं मात्र आता आपल्याकडं फारशी कुणाच्या तोंडी राहिलेली नाहीत.