'बोलेल हळूहळू' म्हणण्यापूर्वी

दोन वर्षांचा नातू बोलत नसला, की आजी म्हणते, 'मुलगे उशिराच बोलतात.' घरात हा धीर शोभतो; पण हेच वाक्य डॉक्टरांच्या वा अंगणवाडीताईंच्या तोंडी आले, की मला काळजी वाटते.

स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, रक्ततपासणीत सापडत नाही. ती मुलाच्या वागण्यात दिसते. वर्षाचे मूल हाकेला वळते का? दीड वर्षाचे मूल आवडलेली वस्तू बोट करून आईला दाखवते का? १६ ते ३० महिन्यांच्या मुलांच्या पालकांना विचारायच्या अशा २० प्रश्नांची यादी तयार आहे. तिने निदान होत नाही. पुढे कोणाला पाठवायचे, तेवढे कळते. सोबत कानांची तपासणी हवीच.

२०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत जाऊन मुले तपासतात. त्यांच्या आणि ताईंच्या प्रशिक्षणात माझ्या मते तीन गोष्टी हव्यात: प्रश्न कसा विचारावा, आईला दोष न देता शंका कशी सांगावी, आणि खेळातून संवाद कसा साधावा हे पालकांना कसे दाखवावे. निदानाला महिने लागतील. पण मुलासमोर बसून, त्याच्याच आवडीच्या खेळात सामील व्हायला आजही सुरुवात करता येते.