शब्द ऐकू यावेत म्हणून
(द्वितीय वर्ष, कला)

भिंतींना कान असतात, असे आपल्याकडे म्हणतात. भिंतींना तोंडही असते, हे मात्र मला गेल्या वर्षी कळले.

आमच्या चामटोलीच्या घरी दर गुरुवारी आजोबा आणि त्यांचे चार सोबती भजनाला बसतात. आजोबांचे वय ७८. काही अभंगांच्या चाली त्यांनी आपल्या बुवांकडून नुसत्या ऐकून उचललेल्या आहेत. त्या कोणत्याही वहीत नाहीत. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच, तेव्हा ‘शिकलेल्या पोरीने हे टेप करून ठेवावे’ असे सर्वानुमते ठरले. मी पेटीशेजारी स्टुलावर मोबाईल ठेवला आणि दीड तास ध्वनिमुद्रण केले. दुसऱ्या दिवशी आजोबांना ऐकवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “पेटी छान आली गं. पण माझे शब्द कुठं गेले?”

शब्द खरोखरच गेले होते. ते परत आणण्याच्या खटपटीत जे हाती लागले, ते घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्या मित्रमैत्रिणींसाठी येथे मांडते.

नवशिक्याची पहिली चूक ठरलेली असते. मावसभावाच्या जुन्या लॅपटॉपवर ‘ऑडॅसिटी’ हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम घेऊन मी मुद्रण उघडले आणि आवाज चढवला. त्याबरोबर पेटीही चढली, टाळही चढले. शेवटी सगळेच कर्कश होऊन तडतडू लागले. संगणकात आवाजाची वरची हद्द शून्य डेसिबल धरतात. त्यापलीकडे जागाच नसते. ध्वनिलहरींचे शेंडे तेथे सपाट छाटले जातात, आणि छाटलेले पुन्हा नीट जोडता येत नाही. म्हणून सर्वांत मोठा आवाजही शून्याच्या पाचसहा डेसिबल खाली राहील अशा बेताने मुद्रण करावे. वाद्ये आणि गळा एकत्र बसवणे, म्हणजे ज्याला मिक्सिंग म्हणतात ते, चढवण्याचे काम नाहीच. एकाने दुसऱ्याला जागा करून देण्याचे ते काम आहे.

ही जागा आधी खोलीत करावी लागते. १९०२ साली गैसबर्ग नावाच्या तंत्रज्ञाने कलकत्त्याला गौहरजानच्या तबकड्या मुद्रित केल्या, तेव्हा मायक्रोफोन नव्हता. गायक कर्ण्यात तोंड घालून गात. विजेवर चालणारे ध्वनिमुद्रण १९२५ च्या सुमारास आले. तोवर आवाज कमीजास्त करायला बटण नव्हते. होते ते अंतर. गाणारा कर्ण्यापाशी, मोठ्या आवाजाची वाद्ये मागे. माझ्या मोबाईलमध्ये गैसबर्गपेक्षा कितीतरी जास्त यंत्रणा होती, पण तो कुठे ठेवावा याचा विचार मात्र मी केला नव्हता. गाणारे आजोबा पाच फुटांवर, आणि पेटीचा भाता मोबाईलच्या कानाशी!

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलनी उतरतो. खोलीत तो इतका उतरत नाही, कारण भिंती तोच आवाज परत फेकतात. हेच ते भिंतींचे तोंड. आमची खोली स्लॅबची, भिंती उघड्या, खाली लादी. आजीच्या गोधड्या दोन भिंतींवर टांगल्या, सतरंजी अंथरली, पंखा बंद केला. एवढ्यानेच निम्मा घोटाळा मिटला. (आजीचे मत अद्यापि असे आहे, की मुद्रण सुधारले ते तिच्या गोधड्यांमुळे. ते खोटे नाही.)

पुस्तकी उपाय असा, की प्रत्येक वाद्य वेगवेगळे मुद्रित करावे. तो आमच्याकडे फसला. टाळाशिवाय आजोबांचा गळाच उघडेना. मग दोन मोबाईल घेतले. एक आजोबांच्या तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला. अगदी समोर धरला तर ‘प’ आणि ‘भ’ म्हणताना हवेचा फटका बसतो. दुसरा पेटी आणि पखवाजाच्या मधोमध. टाळकरी काकांना दारात बसवले. दोन्ही मोबाईल सुरू झाल्यावर एक जोरदार टाळी वाजवायची, म्हणजे नंतर पडद्यावर दोन्हींची टोके जुळवता येतात. दोन यंत्रांची घड्याळे हळूहळू एकमेकांपासून सरकतात, म्हणून प्रत्येक अभंगाला नवी टाळी.

आता लॅपटॉपवरचे काम थोडे उरले. आजोबांच्या आवाजातील ८० हर्ट्‌झच्या खालचा भाग काढून टाकला. त्यात गाणे नव्हतेच, कर्जतकडे जाणाऱ्या गाडीची घरघर होती. शब्दांचा स्पष्टपणा बराचसा २००० ते ५००० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतो. पेटीही तेथेच तीव्र वाजते. दुसऱ्या मुद्रणातील हा पट्टा मी फक्त ३ डेसिबलनी उतरवला. आजोबांना हात न लावता त्यांचे शब्द पुढे आले. त्या क्षणी मी एकटीच खोलीत हसले.

घुमाऱ्याचा मोह मात्र आवरावा. देवळासारखे वाटावे म्हणून मी तो भरपूर घातला, तेव्हा आजोबा विहिरीतून गाताहेत असे वाटू लागले. जाणवेनासा होईपर्यंत तो कमी केला.

आपल्या कानांवरही फार विश्वास ठेवू नये. फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ साली दाखवून दिले, की आवाज लहान असता कानाला खर्जाचे सूर फार कमी ऐकू येतात. म्हणून मोठ्याने लावले की कोणतेही मुद्रण भरदार वाटते आणि आपण फसतो. मी हळू आवाजात ऐकून बेत ठरवले, आणि रात्री केलेले काम सकाळी पुन्हा तपासले. कितीतरी वेळा ते सकाळी आवडले नाही.

गेल्या गुरुवारी नवे मुद्रण आजोबांना ऐकवले. ते डोळे मिटून बसले होते. मी शाबासकीची वाट पाहत होते.

“तिसऱ्या कडव्यात मी श्वास चुकीच्या जागी घेतला,” ते म्हणाले. “आधी पेटीत झाकलं होतं. आता सगळं दिसतं.” मग पखवाजवाल्या काकांकडे वळून त्यांनी सांगितले, की पुढच्या गुरुवारी हा अभंग पुन्हा घ्यायचा. आजी गोधड्या धुवायला काढणार होती. तिला मी थांबवले आहे.