जवस, काळी माती आणि लोखंडाचें रक्षण

शेतकऱ्याच्या घरीं बैलांची व बियाण्याची काळजी घेतली जाते, परंतु लोखंडाची काळजी घेण्याची चाल अद्याप रुळलेली नाहीं. गोठ्यावरील पत्रे, विहिरीवरील पंप, ट्रॉली, नांगराचे फाळ मिळून बरेंच मोलाचें लोखंड आज सावनेर तालुक्यांतील मध्यम काश्तकाराच्या पदरीं असतें. आमच्याकडे मे महिन्यांत हवेचें उष्णतामान ४५ अंशांपर्यंत चढतें. उन्हांतील पत्रा तर त्याहूनहि पुष्कळ तापतो. पुढें महिना उलटतो न उलटतो तोंच त्याच पत्र्यावर पावसाच्या सरी कोसळतात. तापणें व निवणें वारंवार होऊन रंगाच्या लेपास बारीक तडे जातात, त्यांतून पाणी व हवा शिरते, आणि आंतल्या आंत गंज चढतो.

प्रस्तुत लेखकास हा धडा पदरमोड करून मिळाला. महसूल खात्यांतील कारकुनी संपवून घरीं आल्यावर गोठ्याचे जुने पत्रे मीं स्वस्त रंगानें रंगविले, आणि गंज खरवडण्याचा आळस केला. दुसऱ्याच पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे सुटले, एका कोपऱ्यांत भोक पडलें, आणि खालीं ठेवलेलीं बियाण्याच्या हरभऱ्याचीं तीन पोतीं भिजून गेलीं. रंगास दोष देण्यापूर्वीं रंग म्हणजे काय हें समजून घ्यावें, असें तेव्हां मनांत आलें. जें समजलें तें बंधुजनांपुढें ठेवितों.

रंगांत मुख्य वस्तु रंगाची भुकटी नसून तिला धरून ठेवणारें बंधक होय. पूर्वीं हें काम जवसाचें तेल करी. जवसाचें तेल वाळतें म्हणजे पाण्यासारखें उडून जात नाहीं. तें हवेंतील प्राणवायु घेतें, त्याचे कण साखळीप्रमाणें एकमेकांस जोडले जातात, आणि चिवट पापुद्रा बनतो. शेंगदाण्याच्या तेलास हा गुण नाहीं. अशा लांब साखळ्यांच्या पदार्थास पॉलिमर म्हणतात. १९२७ सालच्या सुमारास अमेरिकेंत अल्किड नांवाची कृत्रिम राळ पुढें आली. तींतहि जवसाचें किंवा सोयाबीनचें तेल लागतेंच, तथापि निव्वळ जवसाच्या तेलाचें महत्त्व ओसरलें. इकडे सोयाबीन व ओलिताचा गहू वाढला. नोकरींत असतांना सातबाऱ्यावरील जवसाची नोंद विरळ होत गेलेली मीं स्वतः पाहिली आहे.

तेलाच्या किंवा राळेच्या लेपांत दोन उणिवा राहतात. उन्हानें तो कालांतरानें ठिसूळ होतो, आणि पाण्याचा अंश त्यांतून हळूहळू आंत झिरपतो. हें उणें भरून काढण्याकरितां संकरित लेपाची कल्पना निघाली. संकरित बियाण्यांत दोन वाणांचे गुण एकत्र आणतात, तद्वत् या लेपांत पॉलिमरचा चिवटपणा व खनिजाची उष्णता सोसण्याची शक्ति एकत्र आणतात. खनिजाचे कण मात्र नॅनोमीटरनें मोजण्याइतके सूक्ष्म असावे लागतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस सुमारें ८०,००० नॅनोमीटर जाड असतो.

यांतील एक खनिज आपल्या पायांखालींच आहे. आपली काळी जमीन पावसांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, ती तिच्यांतील स्मेक्टाइट जातीच्या मातीमुळें. त्याच कुळांतील माँटमोरिलोनाइट ही माती म्हणजे सुमारें एक नॅनोमीटर जाडीच्या पापुद्र्यांची चवड होय. हे पापुद्रे सुटे करून लेपांत आडवे पसरले म्हणजे पाण्यास सरळ वाट मिळत नाहीं. धुऱ्यांना वळसे घालीत जाणाऱ्या ओहोळाप्रमाणें त्याचा वेग मंदावतो. उष्णतेच्या बाबतींतहि असाच लाभ होतो. जपानांतील टोयोटा कंपनीच्या संशोधकांनीं १९८० ते १९९० च्या दरम्यान नायलॉनमध्यें शेंकडा ५ च्या आंतबाहेर अशी माती मिसळली, तेव्हां भाराखालीं तें वाकण्याचें उष्णतामान सुमारें ६५ अंशांवरून १५० च्या घरांत गेलें. दुसरें खनिज सिलिका, म्हणजे वाळूंतील मुख्य पदार्थ. सिलेन नांवाचीं रसायनें एका हातानें सिलिकेस व दुसऱ्या हातानें पॉलिमरला धरतात. हा सांधा कच्चा राहिला तर कणाभोंवतीं फट पडून तेथूनच पाणी शिरतें.

म्हणून शेतांतील माती चाळून तेलांत घालण्याचा खटाटोप कोणी करूं नये. तिला पाणी प्रिय, तेल अप्रिय. ती शुद्ध करून तिच्यावर विशिष्ट क्षारांची प्रक्रिया करावी लागते. शिवाय कण नीट न पसरतां त्यांचे गोळे झाले तर लेप उलट कमजोर होतो. शेणखताचे ढीग न फोडतां शेतांत तसेच राहूं दिले तर कोठें पीक माजतें व कोठें पिवळें पडतें, तशीच ही गत.

नागपुरास ही विद्या नवी नाहीं. रावबहादुर डी. लक्ष्मीनारायण यांच्या देणगींतून १९४२ सालीं निघालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्थेंत तेलें व रंगलेप यांचें शिक्षण दिलें जात आलें आहे, आणि नागपुरच्या कृषि महाविद्यालयांत जवसाच्या वाणांवर संशोधन होतें. जवसाच्या तेलापासून इपॉक्सी जातीचें बंधक करून त्यांत हे सूक्ष्म कण मिसळण्याचे प्रयोगहि जगांत झाले आहेत. तेवढ्यावरून उद्यांच जवसास भाव येईल अशी आशा धरून पेरा वाढविणें शहाणपणाचें नव्हे. परंतु आपल्या शेतांतील दोन वस्तूंचा असा उपयोग होतो हें ठाऊक असावें.

तोंवर हातीं असलेलें काम नीट करावें. रंग घेतांना तो किती उष्णतेपर्यंत टिकतो हें डब्यावर पाहावें. पत्र्याच्या एका तुकड्यास तो लावून महिनाभर आळीपाळीनें उन्हांत व पाण्यांत ठेवून पाहावें. तारेच्या ब्रशानें गंज खरवडून, तेलकटपणा पुसून, कोरड्या दिवशीं प्रथम गंजरोधक अस्तर व मग दोन पातळ हात द्यावेत. जवसाच्या तेलानें भिजलेलीं फडकीं गोळा करून कधींहि ठेवूं नयेत. तेल वाळतांना उष्णता निघून तीं आपोआप पेट घेतात, आणि आमच्या घरांत तर कापूस भरलेला असतो.

लेप कितीहि उत्तम निघाला तरी गंजावर दिलेला रंग टिकत नाहीं. एक दिवस खरवडण्यांत गेला असता, तर माझा तीन पोतीं हरभरा वांचला असता.