परीक्षेचीच परीक्षा!

दोस्तांनो, परीक्षा म्हटली की तुमच्या पोटात गोळा येतो ना? पण समजा, पेपर तपासणाऱ्या गुरुजींच्या हातातली उत्तरांची यादीच चुकीची निघाली तर? बरोबर गणित सोडवणारा नापास आणि काहीतरी ठोकून देणारा पास! अशा वेळी मुलांची नव्हे, त्या परीक्षेचीच परीक्षा घ्यायला हवी, नाही का?

डॉक्टरांच्या दुनियेतही रोज अशा परीक्षा होतात. सुई टोचून थोडे रक्त काढतात. मग लॅबमधून कागद येतो. त्यावर छापलेले असते, 'पॉझिटिव्ह' किंवा 'निगेटिव्ह'. छापील कागद म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असे आपण धरून चालतो. पण क्षयरोगाची, म्हणजे टीबीची, एक रक्ततपासणी अशी होती, की तिच्या कागदावर विश्वास ठेवणेच धोक्याचे ठरले. तिचीच ही गोष्ट.

समजा, २०१० साल आहे. एका घरातले आजोबा तीन आठवडे खोकत आहेत. संध्याकाळी सूनबाई कागद घेऊन येते.

"मामंजी, टीबी नाहीये. निगेटिव्ह आलंय."

"चला, सुटलो बाबा!" आजोबा खूश. पण जंतू मात्र फुप्फुसात ठाण मांडून बसलेले! आजोबा नातवंडांना जवळ घेऊन गोष्टी सांगतात, आणि खोकतच राहतात.

शेजारच्या घरात उलटाच प्रकार. तिथल्या ताईला टीबी नाहीच, दुसरेच काही दुखणे आहे. पण कागद म्हणतो, 'पॉझिटिव्ह'. झाले! सहा महिने गोळ्या, मळमळ, बुडालेली शाळा. आणि खरे दुखणे तसेच!

म्हणजे तपासणी दोन प्रकारे चुकू शकते. राखणीचा कुत्रा घ्या. चोर आला की तो भुंकला पाहिजे. या गुणाला शास्त्रज्ञ 'संवेदनशीलता' म्हणतात. आणि घरचा पाहुणा आला की तो गप्प बसला पाहिजे. ही झाली 'विशिष्टता'. चोर आल्यावर झोपून राहणारा कुत्रा निरुपयोगी, आणि दिसेल त्याच्यावर भुंकणाराही निरुपयोगीच!

आता वही-पेन्सिल घ्या. एक गंमत करू. समजा, एक तपासणी शंभरातले ९० रोगी बरोबर ओळखते आणि शंभरातल्या ९० निरोगी माणसांनाही बरोबर 'निगेटिव्ह' सांगते. ९० टक्के! वर्गात पहिला नंबर, असेच वाटते ना? ही तपासणी आपण एका गावातल्या १००० लोकांवर करू. त्यांत खरे रोगी फक्त १०. त्यांतले ९ सापडले. छान! पण उरलेल्या ९९० निरोगी लोकांपैकी दहा टक्के, म्हणजे ९९ लोकही 'पॉझिटिव्ह' निघाले. एकूण पॉझिटिव्ह १०८, आणि खरे रोगी त्यांतले अवघे ९. म्हणजे बारांत एक!

आता तीच तपासणी दवाखान्यात आलेल्या, खूप दिवस खोकणाऱ्या १००० लोकांवर करा. समजा, यांत खरे रोगी १०० आहेत. त्यांतले ९० सापडतील, आणि ९०० निरोगी लोकांपैकीही ९० जण 'पॉझिटिव्ह' ठरतील. म्हणजे निम्मे खरे, निम्मे खोटे. छापा की काटा! तपासणी तीच, पण ती कोणावर केली, यावर तिचा भरवसा बदलतो. आहे की नाही अजब?

टीबीच्या रक्ततपासणीचे दुखणे तर याहून खोल होते. ती जंतू शोधतच नव्हती! जंतू अंगात शिरले की त्यांच्याशी लढायला शरीर 'प्रतिपिंडे' तयार करते. ही तपासणी ती प्रतिपिंडे शोधायची. म्हणजे चोराऐवजी पावलांचे ठसे शोधण्यासारखे. पण ठसे जुने असले तर? आपल्या देशात असंख्य लोकांच्या शरीरात टीबीचे जंतू नुसते झोपलेले असतात, ते लोक आजारी नसतात. मातीत आणि पाण्यात या जंतूंचे निरुपद्रवी भाऊबंदही असतात. त्यांच्यामुळेही ठसे उमटू शकतात. उलट ज्याचे शरीर फार अशक्त झाले आहे, त्याच्यात रोग असूनही प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत. चोर घरात, पण ठसाच नाही!

मग अशा तपासणीची परीक्षा घ्यायची कशी? सोन्याचा कस सराफ कसोटीच्या दगडावर पाहतो, तशी इथेही कसोटी लागते. टीबीसाठी ही कसोटी म्हणजे रोग्याच्या बेडक्यातले जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहणे. त्यासाठी जे खाद्य वापरतात, त्यातला एक प्रकार चक्क कोंबडीच्या अंड्यांपासून बनवतात, बरं का! पण हे जंतू भारी आळशी. नळीत त्यांची वाढ दिसायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून तर झटपट तपासणीचा मोह पडतो.

परीक्षेचे नियमही कडक असतात. नवी तपासणी वाचणाऱ्याला कसोटीचे उत्तर आधी कळता कामा नये. म्हणजे कॉपी बंद! आणि एका बाजूला अगदी खंगलेले रोगी व दुसऱ्या बाजूला धडधाकट पहिलवान, अशी सोपी प्रश्नपत्रिका चालत नाही. ज्यांना पाहून डॉक्टरही बुचकळ्यात पडतात, अशाच लोकांवर तपासणी पारखायची.

जागतिक आरोग्य संघटनेने या रक्ततपासण्यांवरचे ९४ अभ्यास वर्षभर चाळून पाहिले. निकाल लागला, सपशेल नापास! जुलै २०११ मध्ये संघटनेने सगळ्या देशांना सांगितले, की टीबीच्या निदानासाठी या तपासण्या वापरू नका. तेव्हा जगात दरवर्षी त्या दहा लाखांहून जास्त वेळा केल्या जात होत्या. त्यांचे बरेचसे संच युरोप आणि उत्तर अमेरिकेत बनत, पण कोणत्याही मान्यवर नियामक संस्थेने त्यांना मंजुरी दिलेली नव्हती. विकले जात ते गरीब देशांत! जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली.

मग टीबी ओळखायचा कसा? चोरालाच पकडून! बेडका काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू शोधतात. पण जंतू थोडे असले तर ते निसटतात. म्हणून आता जंतूची जनुके शोधणारी यंत्रे आली आहेत. 'जीन एक्सपर्ट' दोन तासांच्या आत उत्तर देते. 'ट्रूनॅट' हे बॅटरीवर चालणारे छोटे यंत्र तर आपल्या शेजारच्या गोव्यातल्या कंपनीचे! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली त्याची शिफारस केली, पण त्याआधी त्यालाही कसोटीवर घासून घ्यावेच लागले.

आणि एक लक्षात ठेवा. यंत्र कितीही हुशार असले, तरी नमुना चुकीचा दिला तर ते काय करणार? बेडका म्हणजे तोंडातली लाळ नव्हे. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला तो बेडका. पुष्कळजण डबीत नुसती लाळ थुंकून येतात, आणि जंतू छातीतच राहतात!

तेव्हा मित्रांनो, घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, तर त्यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जा. तिथे टीबीची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. आणि हातात रिपोर्ट पडला, की घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. डॉक्टरांना खुशाल विचारा, "डॉक्टर, ही तपासणी किती वेळा चुकते?" चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही. उलट ते खुर्ची पुढे ओढून म्हणतील, "बस बाळ, समजावून सांगतो."