चंद्र उगवला का गं?

समजा, पेणकरपाड्यातल्या एका घरात संकष्टी आहे. आजींनी सकाळी मधुमेहाची नेहमीची गोळी घेतली आणि चंद्रोदयापर्यंत काही न खाण्याचं ठरवलं. भर दुपारी चार वाजता त्या सुनेला तिसऱ्यांदा विचारतात, "चंद्र उगवला का गं?" जीभ जड, कपाळ ओलसर. घरच्यांना वाटतं, वय झालं. खरं तर त्यांच्या मेंदूला साखर पुरत नाहीये.

मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम 2 टक्के, पण ऊर्जा खातो जवळपास 20 टक्के. गाठीला साठा जवळजवळ नाहीच. रक्तातून येईल त्या साखरेवर त्याचं घटकेघटकेला चालतं. तरुणपणी साखर 70 च्या खाली गेली की हात थरथरतात, छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो. शरीराची ही केवढी हुशारी! म्हातारपणी, जुन्या मधुमेहात, ही हाकाटी क्षीण होते. रक्तदाबाच्या काही गोळ्याही धडधड झाकतात. मग पहिली खूण दिसते ती थेट गोंधळल्याची. त्यात मूत्रपिंडं थकलेली असली, तर ग्लिबेनक्लामाइडसारख्या गोळीचा अंमल लांबतो. वृद्धांना ती शक्यतो देऊ नये, असं तज्ज्ञ म्हणतात ते यासाठीच.

मग नेहमीच्या तपासणीत हा धोका दिसत नाही का? तीन महिन्यांची साखर मोजणारी एचबीए1सी तपासणी हेही एक नवलच. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तिच्या हिमोग्लोबिनला पक्की चिकटलेली साखर ती मरेपर्यंत सुटत नाही, म्हणून थोड्याशा रक्तात मागचे तीन महिने दिसतात. पण ही सरासरी आहे. पहाटे साखर 50 आणि जेवणानंतर 260 असूनही एचबीए1सीचा आकडा 7 येऊ शकतो, आणि घरात सगळे निर्धास्त!

आकडा जितका खाली तितकं बरं, असा समज होता. अमेरिका-कॅनडातल्या 10,251 रुग्णांच्या ‘ॲकॉर्ड’ चाचणीत एका गटाचा आकडा 6 च्या खाली आणायचा कसून प्रयत्न झाला. त्या गटात मृत्यू वाढले आणि 2008 मध्ये ते कडक उपचार थांबवावे लागले. आज धडधाकट वृद्धांसाठी साधारण 7 ते 7.5 च्या आत, आणि अनेक आजार असतील तर 8 च्या आतही चालतं. औषध कमी करणं हाही उपचारच आहे.

आजी अशा गोंधळल्या तर लगेच साखर मोजा. यंत्र नसेल तर वाट न पाहता तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, 108 ला फोन करा. आणि पुढच्या संकष्टीआधी डॉक्टरांना विचारा: उपासाच्या दिवशी कोणती गोळी घ्यायची नाही?