मॅचिंग आणि मॅची-मॅची

पडेगावहून लग्नाच्या खरेदीसाठी गुलमंडीला निघालेल्या बाईच्या पिशवीत बहुधा एक साडी घडी घालून ठेवलेली असते. 'मॅचिंग सेंटर'मध्ये ती उलगडायची आणि तिच्या रंगाचा ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल निवडायचा, हा आपल्याकडचा सर्वांच्या ओळखीचा कार्यक्रम. या दुकानांनी 'मॅचिंग' हा शब्द मराठीत इतका रुजवला, की 'मॅचिंग मिळालं का?' हा प्रश्न आपल्याला परका वाटतच नाही. इंग्रजीत मात्र हे विशेषण आहे. त्याच्यापुढे बांगड्या, पडदे, कपबशा असे काहीतरी यावे लागते. अर्थ साधा: एकमेकांशी जुळणारे. त्यात कौतुक नाही आणि टीकाही नाही.

याच शब्दाचा एक जुळा भाऊ अलीकडे आपल्या मुलींच्या बोलण्यात ऐकू येतो. तो म्हणजे 'मॅची-मॅची'. मराठी कानाला वाटते, की दोनदा म्हटले म्हणजे जास्त चांगले. आपण 'छान छान गोष्टी' म्हणतो, 'हिरवीहिरवी शेतं' म्हणतो. त्याच हिशेबाने एखादी मुलगी परदेशातल्या मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो पाहून 'किती मॅची-मॅची!' असे प्रेमाने लिहून बसेल आणि मैत्रीण दुखावेल. कारण इंग्रजीत हा शब्द नाक मुरडण्याचा आहे.

साडी मोरपंखी, ब्लाऊज मोरपंखी, बांगड्या, टिकली, पर्स आणि चपलाही मोरपंखी, असा थाट असेल तर त्याला 'मॅची-मॅची' म्हणतात. म्हणजे जुळवाजुळव इतकी, की माणसापेक्षा जुळवाजुळवच आधी दिसावी. हा शब्द घराच्या सजावटीला किंवा एकाच छापाचे कपडे घातलेल्या जोडप्यालाही लावतात. तो दोन तुकड्यांमध्ये छोटी जोडरेघ देऊन लिहितात. बोलीतला, थट्टेचा शब्द आहे. अर्जात किंवा औपचारिक पत्रात तो वापरू नये. त्याच्या आधी बहुधा 'जरा जास्तच' अशा अर्थाचा शब्द येतो, आणि त्यातच त्याचा स्वभाव कळतो.

दोनदा म्हटल्याने अर्थ उलटा का व्हावा? आपल्या ओळखीचा 'गुडी-गुडी' आठवून पाहा. 'गुड' म्हणजे चांगला. पण सिनेमा 'गुडी-गुडी' आहे म्हटले, की तो उगाचच साळसूद ठरतो. आणि इंग्रजीकडे तरी कशाला जायचे? 'तो गोड बोलतो' ही स्तुती, 'तो गोडगोड बोलतो' हा सावधगिरीचा इशारा. गोडाचे अजीर्ण झाल्याची जाणीव मराठीलाही आहेच.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. जुळणारी प्रत्येक गोष्ट 'मॅची-मॅची' नसते. कपाशी जुळणारी बशी हा नुसता संच. शाळेचा किंवा लेझीम पथकाचा पोशाख हा गणवेश. नवरात्रात कचेरीतल्या सगळ्याजणी ठरलेल्या रंगाच्या साड्या नेसून येतात, तेव्हा त्यामागे एकत्र असण्याचा आनंद असतो. हौस ओसंडून आव दिसू लागला, की मग हे विशेषण लागते.

आपल्या जुन्या वेशभूषेकडे या नजरेने पाहिले तर गंमत वाटते. नवरीची साडी पिवळी असो की लाल, चुडा हिरवाच. इरकल साडीवर चोळी खणाची, वेगळ्या रंगाची आणि वेगळ्या विणीची. आपल्याच जिल्ह्यातल्या पैठणची पैठणी पाहा. कितीतरी पैठण्यांत अंगाचा रंग एक आणि काठ-पदराचा दुसरा. यातले काहीही रंगाला रंग लावून केलेले नाही, तरी सगळे एकमेकांना शोभते. 'जुळणे' आणि 'शोभणे' असे दोन वेगळे शब्द मराठीने ठेवले आहेत ते उगाच नाहीत. जुळते की नाही हे तागा शेजारी धरून कळते. शोभते की नाही यासाठी नजर लागते.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. शोभण्याची जागा जुळण्याने घेतली, की खर्च वाढतो. प्रत्येक साडीला नवा ब्लाऊज, नव्या बांगड्या, नव्या चपला. ज्या घरात एकच चांगली साडी चार लग्नांना पुरवायची असते, तिथल्या बाईला 'अय्या, मॅचिंग नाही घातलंस?' हा सहज विचारलेला प्रश्न भर मांडवात खाली पाहायला लावतो. काळ्या चोळीवर कोणतीही साडी नेसणाऱ्या तिच्या आजीला असा प्रश्न कोणी विचारला नसता.

म्हणून मुलींना या शब्दाचा अर्थ सांगताना त्याच्या मागचा विचारही सांगावा. इंग्रजी बोलणाऱ्यांनाही जुळवाजुळवीचा अतिरेक खटकला, म्हणूनच त्यांनी असा शब्द घडवला. मॅचिंग जरूर करावे, हौसेने करावे. पण मांडवात भेटलेल्या बाईच्या ब्लाऊजचा रंग तपासण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे पाहावे आणि ती साडी तिला शोभत असेल, तर तसे तिला मोकळेपणाने सांगावे.